काचेतून आफ्रिका

१

नाना प्रवासात कधी खाली उतरत नसत. गाडी जंक्शनला कितीही वेळ थांबो, ते आपले खिडकीशी, पायांत पिशवी घट्ट धरून. आई मात्र गाडी थांबायच्या आधीच चपला घालून दाराशी. स्टेशनाची पाटी वाचून यायची, नळावर पाणी भरायची, कुठल्याशा अनोळखी बाईशी तिच्या सुनेबद्दल बोलून यायची, आणि नाना डब्यातून ओरडत राहायचे, "अगं, गाडी चुकली म्हणजे?" तिची गाडी आयुष्यात एकदाही चुकली नव्हती.

पाच वर्षांपूर्वी दोघं पहिल्यांदा लेकीकडे, अर्चनाकडे, इंग्लंडात कॉव्हेंट्रीला आली, तेव्हा तिकीट नैरोबीवरून होतं. मधला अख्खा दिवस मोकळा. आईने कुठेसं वाचून ठेवलं होतं की तिथे गावाबाहेर जिराफ आहेत, माणसाच्या हातातून खातात. टॅक्सी करून जाऊन आलं तरी वेळ उरतो. नाना म्हणाले, "विमान चुकलं म्हणजे?" आणि पिशवी मांडीवर घेऊन गेटजवळच्या खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत. आई त्या दिवशी मोठ्या काचेशी उभी राहिली. डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना तळहात धरून, कपाळ काचेला टेकवून. पुढे कुणी प्रवासाचा विषय काढला की म्हणायची, "आफ्रिका बघितलीय मी. काचेतून." नाना पेपर वर उचलायचे.

फेब्रुवारीत आई गेली. अर्चनाच्याच घरी, वरच्या छोट्या खोलीत. फुफ्फुसांचं दुखणं. अख्खा हिवाळा अर्चनाने भिंतीपलीकडून तिचा खोकला ऐकला होता. आधी एक छोटा, मग दम घेऊन एक लांब, आणि शेवटी "हं" असा हुंकार, एखादं काम उरकल्यासारखा. आता तो येत नाही म्हणून अर्चनाला जाग यायची.

इथे क्रिमेटोरियमवाले सगळं बारीक करून प्लास्टिकच्या बरणीत भरून देतात. घरात ठेवायची नाही म्हणून नानांनी ती बरणी लाल फडक्यात बांधली आणि मागच्या शेडमध्ये, लॉनमोअरच्या वर, खिळ्याला टांगली. विसर्जन नाशिकलाच करायचं होतं. अर्चनालाही जायचं होतं, पण तिचा पासपोर्ट महिनोन्‌महिने व्हिसाच्या ऑफिसात पडून होता. फोन केला की तिकडचा माणूस 'इन प्रोसेस' म्हणायचा आणि तिला दिवस शुभ जावो म्हणायचा. मे उजाडला, नानांचाच व्हिसा संपत आला. वेळेत मिळालं ते तिकीट पुन्हा नैरोबीवरूनच. त्यातल्या त्यात बरं म्हणजे तिच्या नवऱ्याचा, गिरीशचा, मित्र रघुवीर त्याच विमानाने नाशिकला निघाला होता. "काकांना सोडत नाही मी, वहिनी," तो म्हणाला होता. "दोरीने बांधून नेतो."

निघताना दारात अर्चनाने नानांच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. त्यांनी ते चाटून घेतलं. दर वेळी नानांच्या पाठोपाठ आईचा हात पुढे आलेला असायचा. अर्चनाच्या हाताला ती सवय होती. तिने दुसरा चमचा भरला आणि नानांच्या खांद्यावरच्या पिशवीतून डोकावणाऱ्या लाल फडक्यावर टेकवला.

"अगं!" नाना म्हणाले.

"सॉरी नाना. चुकून झालं."

"दही कुणाला देतात? ज्यानं परत यायचं असतं त्याला." त्यांनी रुमालाने फडकं पुसलं, एकदा, दोनदा. पांढरट डाग राहिलाच. बाहेर रघुवीर हॉर्न वाजवत होता. नाना तरी उंबऱ्यात उभे होते, रुमालाची घडी करत, कुठल्या खिशात ठेवावा हे न कळल्यासारखे.

२

दुसऱ्या दिवशी अर्चनाने सुट्टी घेतली होती. बॉयलर दुरुस्त करणारा 'आठ ते एकच्या दरम्यान' येणार होता, आणि व्हिसावाल्यांची लाइन फक्त कामाच्या दिवशी चालू असायची. लँडलाइन स्पीकरवर टाकून ती स्वयंपाकघरात बसली. पियानोची तीच ती धून गोल गोल फिरत होती. मधेच एक बाई सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. नळाला गरम पाणी नव्हतं. रात्रीची भांडी तशीच पडली होती.

मोबाईल वाजला. नानांचा नंबर.

"अर्चना, पोचलो गं. आता आम्ही जरा बाहेर जाऊन येतो."

"बाहेर म्हणजे?"

"गावात. संध्याकाळपर्यंत इथे बसून काय करायचं? आलोच आहोत तर बघून घ्यावं."

अर्चनाने स्पीकरचा आवाज कमी केला. "नाना, तुम्ही बरे आहात ना? रघुवीर कुठेत?"

"तो झोपलाय बाकावर. तोंड उघडं टाकून. उठवला नाही."

"मग 'आम्ही' म्हणजे कोण?"

तिकडे मोटारींचे हॉर्न ऐकू येत होते, आणि कावळ्यासारखं पण कावळ्याहून जाड आवाजात ओरडणारं काहीतरी.

"आणि व्हिसा लागतो ना बाहेर पडायला?" अर्चनाने विचारलं.

"अगं, तीच तर गंमत. कुणी काही विचारलंच नाही. पासपोर्टसुद्धा नाही. आम्ही आपले चालत चालत बाहेर आलो."

"नाना, विमान चुकलं म्हणजे?" ती म्हणाली आणि स्वतःच चमकली.

नाना हसले. खळखळून, मोठ्यांदा. हे हसणं तिने लहानपणी कधीतरी ऐकलं असेल, आईशी पत्ते खेळताना. फोन कट झाला. स्पीकरमधली बाई म्हणाली की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

चला, बरं झालं, अर्चना स्वतःला समजावत होती. इतकी वर्षं सांगून ऐकलं नाही, आता ती गेल्यावर तिच्यासाठी म्हणून निघाले असतील. माणसं असं करतात. 'आम्ही' म्हणजे ते आणि ती बरणी. इतकंच. तिचे डोळेही भरून आले. मग तिला त्याचा रागच आला, कारण आई जिवंत असताना एक टॅक्सी करायला काय झालं होतं?

३

दुसऱ्या फोनच्या वेळी ती जिन्यात होती.

"जिराफ बघितला गं. हातातून खातो. जीभ केवढी लांब, आणि रंग काय माहितीय? जांभळट काळा. शाई प्यायल्यासारखा."

"छान." तिने आवाज मुद्दाम हलका ठेवला. "ऊन आहे का? टोपी घातलीत?"

"ऊन कसलं, गारवा आहे चांगला. हिला वाटलं होतं आफ्रिका म्हणजे भट्टी असेल. शाल आणली नाही म्हणून मलाच बोलणी बसली."

अर्चना पायरीवर बसली.

"कुणाची बोलणी, नाना?"

त्यांनी फोन कानापासून दूर धरला असावा. वारा ऐकू आला, खडीवर पाय वाजले, आणि त्यामागे कुणीतरी खोकलं. आधी एक छोटा खोकला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग लांब. आणि मग "हं".

फोन बंद झाला.

तिने लगेच गिरीशला लावला. गिरीश आठवडाभर लंडनला असायचा, ऑफिसच्या फ्लॅटवर. तो मीटिंगमधून बाहेर येऊन कुजबुजत बोलला.

"अर्चू, तिथे टूरिस्ट म्हणजे सगळे पेन्शनर्स. कुणीही खोकेल."

"'हिला वाटलं' म्हणाले ते."

"चाळीस-पंचेचाळीस वर्षांची सवय आहे. माझी आजी आजोबा गेल्यावर दोन वर्षं दोन कप चहा टाकायची. लिसन, ते बाहेर पडले हीच मोठी गोष्ट आहे. लेट हिम हॅव हिज डे."

"त्यांनी विमान चुकवलं तर?"

"आता तूच नानांसारखी बोलायला लागलीस." तो हसला. "बॉयलरवाला आला?"

"नाही."

"बघ, खरी भुताटकी तर ती आहे."

तिला हसू आलं नाही. गिरीशचं बोलणं मात्र पटलं. त्याचं बोलणं नेहमी पटायचंच. वर छोट्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत पलंगावर नुसती गादी, त्यावर घडी केलेलं पांघरूण, आणि खिडकीतून पलीकडच्या घराची वीटभिंत. कुणी खोकत नव्हतं. तिने दार लोटून घेतलं आणि खाली येऊन पुन्हा पियानो ऐकत बसली.

४

किती वेळाने कोण जाणे, पियानो मधेच थांबला. कुणीतरी फोन उचलला असं वाटून ती सावरून बसली, तर लाइनच तुटली होती. सगळी सकाळ वाया गेली. तिने टेबलावर हात आपटला. तेवढ्यात तीच लँडलाइन वाजली, आणि तिने पहिल्याच घंटेला उचलली.

"वहिनी, रघुवीर बोलतोय. नैरोबीहून. काळजीचं काही नाही, पण काकांशी एकदा बोलता का? सकाळपासून काही खाल्लं नाही त्यांनी."

"परत आलेत का ते?"

"कुठून?"

"बाहेरून. गावातून. जिराफ बघायला गेले होते ना?"

रघुवीर जरा जपून म्हणाला, "वहिनी, काका इथेच आहेत. उतरल्यापासून माझ्या शेजारी. मीच म्हटलं, काका, चला, चार तास फिरून येऊ, काकूंची फार इच्छा होती म्हणता. तर पिशवी मांडीवर घेऊन बसलेत ते हललेच नाहीत. बाथरूमलासुद्धा गेले नाहीत."

"तुम्ही झोपला होतात."

"पाच मिनिटं डोळा लागला असेल. त्यात काय?"

"त्यांचा फोन आला मला. दोनदा."

"त्यांचा फोन? अहो, तो लंडनलाच बंद पडला. चार्जर तुमच्याकडे राहिला म्हणाले."

अर्चनाने वळून पाहिलं. चार्जर केटलच्या बाजूला प्लगला लटकत होता, वायरीची नीट गुंडाळी केलेला. नाना करायचे तशी.

"त्यांना द्या," ती म्हणाली.

रिसीव्हरमध्ये श्वास ऐकू आला. म्हातारा, कोरडा, ओळखीचा श्वास.

"नाना? नाना, मी अर्चना."

"विमान चुकलं म्हणजे?" नाना म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण सपाट. फार वापरल्या गेलेल्या वाटेसारखा.

आणि तिचा मोबाईल वाजू लागला. स्क्रीनवर 'नाना'.

तिने तो उचलून दुसऱ्या कानाला लावला. आता तिच्या डाव्या कानाशी गेटवरची घोषणा होती, कुठल्यातरी बाळाचं रडणं होतं, आणि तो श्वास. उजव्या कानाशी वारा.

"अर्चना, आमचं ठरलं गं," उजवीकडचे नाना म्हणाले. "नाशिक नको म्हणते ही. तिथे आता कोण आहे आपलं? परत तुझ्याकडेच येतो. दही दिलंसच आहेस तू."

"नाना, तुम्ही गेटवर बसला आहात." हे ती कुठल्या फोनमध्ये बोलली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"तो होय? बसू दे त्याला," नाना मजेत म्हणाले. "त्याला बसायलाच आवडतं."

डावीकडे रघुवीरचा आवाज आला, जरा लांबून. "काका, उठा, बोर्डिंग सुरू झालं. काका? वहिनी, तुम्ही सांगा त्यांना. उठतच नाहीयेत."

"हिला तेवढं तुझ्या तोंडून ऐकायचंय," उजवीकडून नाना म्हणाले. "आईच आहे तुझी, पण मुलीच्या घरी विचारल्याशिवाय कसं यायचं म्हणते. येऊ ना?"

मग ते बाजूला झाले असावेत. वारा थांबला. फोनच्या अगदी जवळ कुणीतरी उभं होतं आणि दम लागल्यासारखं थांबून राहिलं होतं.

अर्चनाला काय म्हणायचं ते स्वच्छ कळत होतं. 'नको, आई. तू पुढे जा. आणि नानांना सोड.' एवढं म्हटलं की डावीकडचे नाना उठतील, डोळे चोळतील, रघुवीरला म्हणतील की भूक लागली रे. नाशिकला जातील. महिन्याभराने फोनवर भाजीवाल्याची तक्रार सांगतील. हे तिला कसं कळत होतं ते विचारायचं नाही. दूध उतू जायच्या आधी कळतं तसं ते कळत होतं. तिने तोंड उघडलं. आणि पलीकडून तो खोकला आला. छोटा. थांबून लांब. ती पुढच्या "हं"ची वाट पाहत राहिली, हिवाळाभर पाहत होती तशी, आणि तो येईना. येईचना.

"आई," ती म्हणाली, आणि येणाऱ्या कुणालाही म्हणतात तेच तिच्या तोंडून गेलं. "सावकाश या."

"हं."

मोबाईल बंद झाला.

"वहिनी, उठले बघा!" डावीकडून रघुवीर म्हणाला. "काय जादू केलीत? चालायलासुद्धा लागले. चला काका, हात धरा माझा. बापरे, काका, केवढा गार पडलाय हात!"

बऱ्याच वेळाने ती पुढच्या खोलीत आली तेव्हा दाराशी, पायपुसण्यावर, एक कार्ड पडलं होतं. बॉयलरवाल्याचं. 'आम्ही येऊन गेलो. बेल वाजवली. घरात कुणी नव्हतं.'

५

नाशिकहून रघुवीरचा फोन आला तो शुक्रवारी सकाळी.

"वहिनी, एक विचारू का? रागावू नका. ती बरणी तुम्ही बघितली होती ना? म्हणजे, भरलेली होती ना?"

"का?"

"काल कस्टमवाल्यानेच उचलून विचारलं होतं, खाली है क्या म्हणून. मी म्हटलं, काय हा बोलतो. आत्ता गुरुजींनी फडकं सोडलं, झाकण उघडलं. आत काही नाही. धुतल्यासारखी स्वच्छ. नुसता आंबूस वास येतोय."

अर्चनाला आश्चर्य वाटायला हवं होतं.

"नाना कसे आहेत?"

"घाटावर बसलेत. रिकामी पिशवी आहे म्हटलं तरी मांडीवरून काढू देत नाहीत. डॉक्टरांना दाखवून आणलं. नाडी ठीक आहे म्हणाले. जेवायला घातलं की जेवतात. बोलत मात्र नाहीत, म्हणजे ते एकच वाक्य. द्या म्हणता? थांबा."

घाटावरची गडबड ऐकू आली. भांडी, पाणी, कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. मग श्वास.

"नाना," ती म्हणाली, "मी आहे. उठा ना हो. फिरून या जरा."

"विमान चुकलं म्हणजे?"

तिने फोन टेबलावर ठेवून दिला, चालूच. मग बंद केला. गिरीशला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला. शॉक, ग्रीफ, क्रिमेटोरियममध्ये झालेली अदलाबदल. आपण कम्प्लेंट करू, पासपोर्ट आला की त्याच दिवशी निघू. "तू आधी थोडं खाऊन घे," तो म्हणाला. त्याचं बोलणं पटलं.

दुपारी दारासमोर गाडी थांबली. डिझेलची घरघर, मग दार लागल्याचा आवाज. पोस्टाची व्हॅन असेल, पासपोर्ट असेल, सही हवी असेल. या विचारासरशी तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. आज. सगळं झाल्यावर, आज. ती तरातरा पुढच्या दाराकडे गेली.

दाराच्या वरच्या अर्ध्या भागात दुधी काच होती. काचेपलीकडे दोन आकृत्या होत्या.

उंच आकृती मागे, फाटकाजवळ उभी होती. रस्त्याकडे बघत होती, समोरच्या घरांकडे, कचऱ्याच्या डब्यांकडे, नव्या गावात उतरलेला माणूस बघतो तसं सगळंच कौतुकाने. बुटकी आकृती दाराशी आली. तिने बेल वाजवली नाही. तिने दोन्ही हात वर केले, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना धरले, आणि कपाळ काचेला टेकवून आत बघू लागली.

दुधी काचेतून काही दिसत नाही, अर्चना मनाशी म्हणाली. तिला मी दिसत नसणार. मी हललेच नाही तर घरात कुणी नाही असं वाटेल, कार्ड टाकून जातील.

काचेवर कपाळ टेकलं होतं तिथे पांढरट डाग उमटला होता. तोंडासमोर वाफ मात्र धरत नव्हती.

छोटा खोकला आला. अर्चनाने श्वास रोखला. मग लांब. मग ती वाट पाहत राहिली.

"अर्चना, पोचलो गं," फाटकाजवळून नाना आनंदाने म्हणाले. "कुणी कुठे काही विचारलंच नाही!"

अर्चनाचा हात दाराच्या साखळीकडे गेला. हाताला सवय होती.